पुस्तकातली गोष्ट पडद्यावर: मुलांसाठी कथामालिका सोलापुरात कशी करावी

दर भागात नवी गोष्ट, नवी पात्रे आणि नवे वातावरण घेऊन येणाऱ्या मालिकेला या लेखात कथामालिका म्हटले आहे. अशा मालिकेपुढचा पहिला प्रश्न असा की, एकमेकींशी संबंध नसलेल्या गोष्टी कशाच्या आधारावर एकत्र ठेवायच्या. या प्रश्नाची तीन चांगली उत्तरे दूरचित्रवाणीने पूर्वीच दिलेली आहेत. १९८५ साली दूरदर्शनवर आलेल्या ‘विक्रम और बेताल’मध्ये राजाच्या खांद्यावरचा वेताळ दर वेळी गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न विचारतो, तिथे गोष्टीबाहेरची गोष्ट सर्वांना बांधते. १९८६ सालच्या ‘मालगुडी डेज’मध्ये हे काम एका काल्पनिक गावाने केले. बीबीसीने १९६५ साली सुरू केलेल्या ‘जॅकनोरी’ या कार्यक्रमात तर एक कलावंत खुर्चीत बसून पुस्तकातली गोष्ट मुलांना सांगत असे आणि मध्ये मध्ये चित्रे दाखवली जात; तिथे सांगणाऱ्याचा आवाज हाच धागा होता.

सोलापुरातील एखादी शाळा, वाचनालय किंवा हौशी नाट्यसंस्था असे काम हाती घेणार असेल, तर तिने तिसऱ्या पद्धतीपासून सुरुवात करावी, असे मी आग्रहाने सांगेन. गोष्टीचा काही भाग सांगितलेला, काही चित्रांतून दाखवलेला आणि मोजके प्रसंग अभिनयाने उभे केलेले, अशी रचना कमी पैशांत होते आणि मुलांना ती मुळीच अपुरी वाटत नाही. आमच्या गटाने पहिल्या खेपेस गोष्टीबाहेरची गोष्ट रचली होती. वाकळ शिवणारी एक आजी दर ठिगळामागची गोष्ट सांगते, अशी ती कल्पना होती. ती आम्हा मोठ्यांना फार आवडली. परंतु वीस मिनिटांच्या भागातील तीन मिनिटे आजीलाच लागू लागली आणि मूळ गोष्टीचे महत्त्वाचे प्रसंग कापावे लागले. आम्ही ती कल्पना सोडून दिली आणि त्याचा आम्हाला आजवर पश्चात्ताप झालेला नाही.

कथा निवडताना

कथा निवडताना लेखकाच्या नावाकडे शेवटी पाहावे. आधी एकच गोष्ट शोधावी: या कथेतले मूल स्वतः काही ठरवते का, आणि ठरवलेले हाताने करते का? ज्या कथेत मूल केवळ ऐकते, मोठ्यांकडून समज घेते आणि शेवटी शहाणे होते, ती वाचायला कितीही गोड असली तरी पडद्यावर उपदेश होऊन बसते. उलट ज्या कथेत मूल काही लपवते, परत देते, नाकारते, विकत घेते किंवा कोणासाठी तरी थांबते, तिथे कॅमेऱ्याला पाहण्यासारखे काहीतरी असते. ही कसोटी लावल्यावर नावाजलेल्या कथासंग्रहांतील निम्म्याहून अधिक कथा बाजूला पडतात, हे आधीच गृहीत धरावे.

निवडीसाठी तीस-पस्तीस कथा गोळा कराव्यात आणि त्यांतील पंधरा-सोळा मुलांना प्रत्यक्ष वाचून दाखवाव्यात. हे वाचन वाचनालयात रविवारी सकाळी ठेवावे. आणि शक्य तर जुळे सोलापूरच्या एका शाळेत व पूर्व भागातील यंत्रमाग कामगारांच्या वस्तीतल्या एका शाळेत वेगवेगळे ठेवावे, कारण दोन्ही ठिकाणी मुले वेगळ्या जागी हसतात. वाचताना मुलांनी ‘मग काय झालं?’ असे कुठे विचारले, त्या जागी पेन्सिलीने खूण करावी. पुढे पटकथेत या खुणा कामाला येतात.

सोलापुरात मराठीच्या बरोबरीने तेलुगू, कन्नड आणि उर्दू घरात बोलली जाते, याचा विसर पडू देऊ नये. पद्मशाली कुटुंबातील आजीने तेलुगूत सांगितलेली एखादी लोककथा मराठीत आणली, तर मालिकेत असा एक भाग येतो जो दुसऱ्या कोणत्याही शहरातील गटाला सुचणार नाही. पूर्वी दूरदर्शनसाठी तेरा भागांचा हिशेब धरला जाई, कारण तिमाहीत तेरा आठवडे येतात. हौशी गटाने सहा भागांवर थांबावे. जुन्या आणि आजच्या कथा आलटून पालटून ठेवाव्यात आणि दोन दुःखद कथा पाठोपाठ आणू नयेत.

हक्कांचा विचार आधीच करावा

या बाबतीत आमच्याकडून चूक झाली, म्हणून हा भाग थोडा सविस्तर लिहितो. एका कथेसाठी आम्ही लेखकांशी फोनवर बोललो, त्यांनी आनंदाने होकार दिला आणि आम्ही भाग पूर्ण केला. नंतर कळले की चित्रीकरणाचे हक्क त्यांनी पुस्तकाच्या करारातच प्रकाशकाला दिलेले होते. तयार झालेला भाग आम्हाला मागे घ्यावा लागला आणि त्यात काम केलेल्या मुलांना ते समजावून सांगणे फार जड गेले.

प्रतिलिपी अधिकार अधिनियम, १९५७ नुसार साहित्यकृतीचा हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून पुढे ६० वर्षे टिकतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांचे लेखन २०११च्या आरंभापासून सर्वांना खुले आहे. प्रेमचंद १९३६ साली गेले, तेव्हाच्या नियमाप्रमाणे मुदत ५० वर्षांची होती, म्हणून त्यांचे लेखन १९८७पासूनच खुले आहे. परंतु अनुवादाचा हक्क स्वतंत्र असतो. मूळ कथा खुली असली तरी तिचा छापील मराठी अनुवाद अनुवादकाचा असू शकतो. म्हणून मूळ हिंदीवरून आपले मराठी आपणच करावे, हे उत्तम.

हयात लेखकाची कथा घ्यायची असेल तर आधी त्यांचा प्रकाशकाशी झालेला करार पाहावा, आणि मग सही केलेली लेखी परवानगी घ्यावी. हक्क लिहून घेतले जात असतील तर त्यात मुदत आणि प्रदेश स्पष्ट लिहावेत, कारण मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षांची धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर केवळ भारताचा धरतो. भाग इंटरनेटवर ठेवला की तो जगभर दिसतो, त्यामुळे ‘संपूर्ण जग’ हे शब्द कागदावर असलेच पाहिजेत. शाळेत शिक्षक-विद्यार्थ्यांनी पालकांसमोर केलेल्या प्रयोगाला कायद्यात सवलत आहे. पण त्याच प्रयोगाचे चित्रीकरण सर्वांसाठी खुले करताना ती सवलत गृहीत धरता येत नाही.

पटकथा

कथा पटकथेत आणण्यापूर्वी तिची एक प्रत काढून तीन रंगांनी रेघोट्या माराव्यात: जे दिसते त्याला एक रंग, जे ऐकू येते त्याला दुसरा आणि जे केवळ मनात घडते त्याला तिसरा. तिसऱ्या रंगाची वाक्येच खरी अडचण असतात. ती निवेदकाच्या तोंडी घालणे सोपे असते, आणि म्हणूनच ती शक्यतो घालू नयेत.

प्रेमचंदांची ‘ईदगाह’ ही कथा उदाहरणासाठी घेऊ. आईवडील नसलेला हामिद तीन पैसे घेऊन मित्रांबरोबर ईदच्या जत्रेला जातो. खेळण्यांतून महमूद शिपाई घेतो, मोहसिन भिश्ती म्हणजे पखालीतून पाणी वाहणारा घेतो, नूरे वकील घेतो. मिठाया खाल्ल्या जातात. आणि हामिद लोखंडाच्या दुकानापुढे थांबून आजीसाठी चिमटा घेतो, कारण तव्यावरून पोळी उतरवताना तिची बोटे भाजतात. निवडीची कसोटी ही कथा पूर्ण पार करते, कारण तिचा कणाच मुलाने केलेली खरेदी आहे.

मात्र आजीची भाजणारी बोटे कथेत हामिदला दुकानापुढे आठवतात. पडद्यावर ही आठवण दाखवायची कशी? दुकानापुढे जुना प्रसंग धूसर करून दाखवला तर मुलांना सगळे एकदम कळते आणि हामिदचा निर्णय आपण आधीच सांगून टाकतो. आम्ही बराच विचार करून आजीचे बोट पहिल्याच प्रसंगात भाजू दिले: ती हामिदला उठवत आहे, बोलता बोलता पोळी उतरवते, बोट झटकते आणि पुढे बोलत राहते. कॅमेरा बोटाजवळ जात नाही. प्रेक्षकांतील काही मुलांना दुकानापुढे ते आठवते, काहींना चिमटा आजीच्या हातात पडल्यावर आठवते. आणि ज्यांना उशिरा आठवते ती शेजारच्याला हळूच सांगतात. हे सांगणे ऐकायला मिळाले म्हणजे पटकथा साधली असे मी समजतो.

शेवट याहून अवघड आहे. आजी आधी रागावते आणि मग रडू लागते. लेखक म्हणतो की लहान हामिद म्हातारा झाला आणि म्हातारी अमीना लहान मुलगी झाली. हे वाक्य अतिशय सुंदर आहे, तरीही ते निवेदनात घेऊ नये, असे माझे मत आहे. आजी रडत असताना मुलाने काय करावे, हे त्या भूमिकेतील मुलालाच विचारावे. आमच्या मुलाने चिमटा आजीच्या हातातून काढून चुलीजवळ नीट ठेवला आणि तो तिच्या शेजारी मोठ्या माणसासारखा बसून राहिला. वाक्यात होते ते सगळे त्या बसण्यात आले.

ही जत्रा सोलापूरच्या गड्डा यात्रेत न्यावी, अशी सूचना हमखास येते. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची यात्रा भरते, खेळण्यांची दुकाने समोर असतात, आणि मोह पडणे स्वाभाविक आहे. तो टाळावा. जत्रेच्या आधी ईदगाहात गरीब आणि श्रीमंत एकाच रांगेत झुकतात, हा प्रसंग कथेचा पाया आहे, आणि जत्रा बदलली की तो निखळतो. सोलापूरच्या मुलांना ईद परकी नाही. हामिद मराठीत आपल्या गल्लीतली दखनी उर्दू मिसळून बोलला तर तो अधिक खरा वाटतो. बोलीबाबत एवढेच पाहावे की ‘काय करायलास बे’ हे पात्राच्या तोंडी सहज यावे, हशा मिळवण्यासाठी येऊ नये. नमाजाचा प्रसंग मात्र प्रत्यक्ष ईदच्या दिवशी कॅमेरा नेऊन टिपू नये. तो प्रार्थनेचा दिवस आहे. तिथे मुलांनी शाईने काढलेली चार-पाच मोठी चित्रे आणि निवेदकाचा शांत आवाज पुरेसा होतो. सांगणे, चित्र आणि अभिनय ही मिश्र पद्धत घ्यावी असे मी सुरुवातीला म्हटले, त्याचे एक कारण हेच आहे.

पटकथेचे एक पान साधारण एक मिनिट, हा अंदाज सांभाळावा आणि वीस-बावीस पानांपुढे जाऊ नये.

चित्रीकरण

चौदा वर्षांखालील मुलांनी दूरचित्रवाणीसाठी काम करताना पाळायचे नियम बालकामगारविषयक कायद्याखाली ठरवून दिलेले आहेत. निर्मात्याला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. मुलाकडून दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय तीन तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. जास्तीत जास्त पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती नेमावी लागते. आणि मोबदल्यातील किमान २० टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत ठेवावी लागते. मोबदला नसलेल्या शालेय कामातही तासांची ही मर्यादा आपण होऊन पाळावी. पाचव्या तासानंतर मूल पाठ केलेले बोलते. ऐकून उत्तर देत नाही.

वेळापत्रक सोलापूरच्या हवेप्रमाणे आखावे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो, म्हणून बाहेरचे प्रसंग डिसेंबर-जानेवारीत सकाळी उरकावेत. भुईकोट किल्ल्यात चित्रण करायचे असेल तर पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी आधी घ्यावी.

सर्वांत जास्त काळजी आवाजाची घ्यावी. पूर्व भागात आम्ही एका घराच्या अंगणात संवाद टिपले. कानाला सवय असल्यामुळे शेजारच्या यंत्रमागाची खडखड कोणाच्याच लक्षात आली नाही आणि संकलनाला बसल्यावर एकही वाक्य वापरता येईना. मुलांकडून संवाद पुन्हा म्हणून घेतले, शब्द जुळले, पण अंगणातला जिवंतपणा परत आला नाही. म्हणून जागा ठरवताना डोळे मिटून पाच मिनिटे ऐकावे, मागांच्या साप्ताहिक सुट्टीचा दिवस धरावा आणि बोलणाऱ्याच्या कपड्याला लावायचा साधा माईक अवश्य घ्यावा. कॅमेरा मोबाइलचा असला तरी चालतो.

संगीतासाठी चित्रपटातील गाणी वापरू नयेत, कारण त्यांचे हक्क वेगळे असतात. हलगी, संबळ किंवा पेटी वाजवणारा कलावंत गावात मिळतो. त्याच्याकडून लेखी संमती घेऊन तासाभराचे वादन ध्वनिमुद्रित करून घ्यावे.

पहिले संकलन झाले की ते मोठ्यांना दाखवण्याआधी ज्या मुलांना कथा वाचून दाखवली होती त्यांना दाखवावे. त्या वेळी आपण पडद्याकडे पाठ करून बसावे, मुलांचे चेहरे पाहावेत आणि ती कोणत्या मिनिटाला चुळबुळ करू लागतात ते लिहून ठेवावे. वाचताना जिथे ‘मग काय झालं?’ आले होते तिथे ती आता गप्प बसली असतील, तर त्या जागी आपण काहीतरी आधीच सांगून टाकले आहे. तो प्रसंग पुन्हा कापावा.

श्रेयनामावलीत मूळ लेखकाचे नाव सर्वांत आधी, मोठ्या अक्षरांत आणि पुरेसा वेळ दिसावे. सार्वजनिक प्रयोग वाचनालयातच ठेवावा, सहाही कथांची पुस्तके दाराजवळच्या टेबलावर मांडावीत आणि शेजारी पुस्तक घरी नेण्याची नोंदवही उघडी ठेवून एकाला तिथे बसवावे. सहा पुस्तकांच्या प्रत्येकी किमान चार प्रती आधीच मागवून ठेवाव्यात. आम्ही दोन-दोनच ठेवल्या होत्या आणि त्या पहिल्या दहा मिनिटांत संपल्या.