भरीत पार्टीला सगळं गाव कसं आणायचं, स्टेज न बांधता

आपल्याकडे खान्देशात सर्वधर्म काहीतरी करायचं ठरलं की पहिलं काम बॅनर. चार धर्मांची चार चिन्हं, खाली दहा जणांचे फोटो, आणि मंडपात येतात तेच वीस लोक जे एरवीही एकाच टपरीवर चहा पितात. मी पण हेच केलंय म्हणून सांगतो. चार वर्षांपूर्वी भरीत पार्टी ठेवली, वार शुक्रवार आणि वेळ दुपारी एक, कारण आमच्यातल्या एकाला त्या दिवशी सुट्टी होती. म्हणजे बरोबर जुम्याच्या नमाजची वेळ, अन ते कोणाच्या डोक्यातच आलं नाही. जैन गल्लीतून एकही माणूस नाही. बौद्धवाड्यातून कोणी नाही, कारण आमंत्रण व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं होतं आणि त्या ग्रुपात ते नव्हतेच. दुसऱ्या दिवशी तिथल्या एका आजीला विचारलं का नाही आल्या, तर म्हणे, "आमले इचारं कोन?"

तर पहिलं काम, विचारायला जा. पायी, घरी, आणि तारीख ठरवायच्या आधी. ठरवून झाल्यावर जे देतो ते आमंत्रण, आधी विचारतो तो सल्ला, लोकांना फरक बरोबर कळतो भो. पाच-सात जणांची टोळी करा, त्यात निम्म्या बाया पाहिजेतच, कारण कोणाच्या घरी काय चालतं काय नाही हे पुरुषांना स्वतःच्या घरचं पण धड माहीत नसतं. आणि नावावरून, आडनावावरून अंदाज बांधू नका. यावल, रावेर, चोपड्याकडे तडवी भिल्ल आहेत, ते मुसलमान पण आहेत आणि आदिवासी पण, आणि त्यांना "तुम्ही नक्की कोण" हे विचारणाऱ्यांचा त्यांना कंटाळा आलेला असतो. नवापूरकडे एकाच आदिवासी घरात एक भाऊ चर्चला जातो, दुसरा नाही. सरळ एवढंच विचारायचं, तुम्हाला कोणता दिवस जमेल आणि काय खात नाही.

मग एक मोठं कॅलेंडर घ्या आणि सगळ्यांचे दिवस त्यावर लिहा. यात एक गंमत आहे, मला पण उशिरा कळली. हिजरी, म्हणजे मुस्लिम कॅलेंडरचं वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान, म्हणून ईद दरवर्षी मागे मागे सरकते. पण महिना दोघांचाही चंद्रावरचाच, ईद चंद्रकोर दिसली की दुसऱ्या दिवशी आणि आपली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, वैशाख शुद्ध तृतीयेला, म्हणून ३ मे २०२२ आणि २२ एप्रिल २०२३, लागोपाठ दोन वर्षं आखाजी आणि रमजान ईद एकाच दिवशी आली. मग २०२३ ला अधिक महिना आला, तो हिजरीत नसतो, तर ईद उडी मारून थेट गुढीपाडव्याजवळ, २०२४ ला पाडवा ९ एप्रिल आणि ईद ११ ला. हे आधी माहीत असलं की मंडप कोणाचा, रस्ता कोणाचा ही भांडणं दोन महिने आधी चहावर मिटतात. २०२३ ला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली, तेव्हा राज्यात बऱ्याच ठिकाणी मुस्लिम मंडळींनी जुलूस दुसऱ्या दिवशी काढला. कोणीतरी आधी बसून बोललं म्हणूनच जमलं ना. पुढच्या वेळी सरकायची पाळी दुसऱ्याची, हे पण कॅलेंडरवर लिहून ठेवा, नाहीतर दरवेळी एकच बाजू समजूतदार राहते.

आता जेवण. इथे घाई करू नका.

भरीत मी मुद्दाम निवडतो, मटण-चिकन ठेवलं की हलालपासून वारकऱ्यांच्या माळेपर्यंत दहा प्रश्न, भरतात ते नाहीत. पण चातुर्मासात वांगं, कांदा, लसूण बऱ्याच घरात बंद असतं, म्हणून चंपाषष्ठीनंतरच ठेवा, तेव्हाच हिरवी भरताची वांगी पण चांगली मिळतात. एकादशी, चतुर्थी टाळा. रविवार घ्या, पण दुपारनंतर, सकाळी चर्च असतं. दोनला पराट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, पेटवा, वांगी भाजा, चारपर्यंत सोलून बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, ठेचून होतात. त्यातच एका वेगळ्या चुलीवर, नव्या पातेल्यात, कांदा-लसूण-बटाटा काही नसलेली मूगडाळीची खिचडी. जैन घरातले बरेच जण वांगंसुद्धा खात नाहीत, बियांमुळे, आणि सूर्य मावळल्यावर जेवत नाहीत. ती खिचडी त्यांच्याच घरातल्या बाईंना करू द्या, आपण फक्त लाकडं द्यायची. पहिली पंगत पाचच्या आत बसवा, डिसेंबरात सूर्य सहाच्या आतच मावळतो. आणि त्या पंगतीत फक्त तेच नकोत, चार भरीतवाले पण बसवा, नाहीतर त्यांची वेगळी पंगत केल्यासारखं दिसतं. मावळतीला मगरिबची अजान झाली की वाढणं पंधरा मिनिटं थांबवा, स्पीकर बंद, जाणारे जाऊन येतील. दुसऱ्या वर्षी आम्ही असं केलं तर परत आलेल्या चाचांनी स्वतःच बडगी ओढून घेतली, म्हणे ठेचा नीट लागला नाही, मिरची कमी आहे. त्यांचं बरोबर होतं.

वर्गणी सांगू नका. वस्तू मागा, कोणी पराट्या, कोणी शेंगदाणे, कोणी कांद्याची पात. पैसे दिलेला माणूस पाहुणा होतो, वस्तू आणलेला घरचा होतो, आणि गरीब घराला पाचशे रुपयांपेक्षा पातीची जुडी आणणं सोपं जातं.

भाषण ठेवू नका, सरपंच असले तरी. फारच आग्रह झाला तर पुऱ्या तळायला बसवा.

मिरवणुकीचं पण असंच. जळगावचा रामरथ कार्तिकी एकादशीला निघतो, १८७२ पासून, आणि भिलपुऱ्यात लालशाबाबा या मुस्लिम संतांच्या समाधीपाशी थांबून फुलांची चादर चढवूनच पुढे जातो. त्यासाठी दरवर्षी मीटिंग लागत नाही, थांबा ठरलेलाच आहे. तुमच्या गावात असा थांबा असेल तर शोधा, म्हातारे सांगतील, नसेल तर एक पाणपोई पुरे.

ग्रुपवर फॉरवर्ड आला की भांडू नका, ज्याच्याबद्दल आहे त्याला फोन करा. आमच्याकडे एवढा एकच नियम आहे.

आणि हिशोब, वीस किलो वांगी साधारण पन्नास जणांना होतात. भाकरीसाठी कळण्याचं पीठ दोन दिवस आधी दळून आणा, ज्वारी आणि उडीद, चक्कीवाल्याला मीठ टाकायचं आठवणीने सांगा, तो विसरतोच.