कुत्र्याला फिट आली की आधी घड्याळ बघा

घाबरलेल्या माणसाला दीड मिनिटाची फिट दहा मिनिटांची वाटते, आणि डॉक्टरचे बरेचसे निर्णय त्याच आकड्यावर ठरतात. म्हणून फिट सुरू होताच वेळ बघा. बहुतेक झटके एक-दोन मिनिटांत आपसूक थांबतात. पाच मिनिटं उलटली, किंवा शुद्धीवर येण्याआधीच दुसरा झटका आला, तर लगेच गाडी काढा. चोवीस तासांत दोन झटके आले तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

तोवर कुत्र्याला जिन्यापासून आणि फर्निचरच्या कोपऱ्यांपासून लांब सरकवा. पंखा लावा, कारण स्नायूंच्या झटक्यांनी अंग तापतं. तोंडात हात, चमचा, पाणी काही घालायचं नाही. कुत्रा जीभ गिळत नाही, तुमचं बोट मात्र जबड्यात अडकेल. कांदा किंवा चप्पल हुंगवून उपयोग नाही. झटका थांबायचाच असतो, श्रेय चपलेला मिळतं!

घरात दुसरं कुणी असेल तर त्याला मोबाइलवर व्हिडिओ काढू द्या. आधी पूर्ण शरीर, मग चेहरा आणि डोळे. झटका थांबल्यावरही चित्रण चालू ठेवा, निदानाचा मोठा भाग तिथे असतो. हृदयाच्या त्रासाने भोवळ आलेला कुत्रा बहुधा धावताना किंवा उत्तेजित झाल्यावर कोसळतो, अंग सैल पडतं आणि काही सेकंदांत तो धडपणे उभा राहतो. फिट बऱ्याचदा आराम करताना किंवा झोपेत येते. लाळ गळते, पाय सायकल चालवल्यासारखे हलतात, लघवी होते. नंतर कुत्रा मिनिटं ते तास भ्रमात असतो, भिंतीवर आपटतो, अधाशासारखा खातो. फिट नसतानाही एखादा पाय किंवा जबडा ठेक्यात उडत राहिला, तर डिस्टेंपरची (मेंदूवरही हल्ला करणाऱ्या विषाणूजन्य रोगाची) शंका घ्यायची.

पहिली फिट सहा महिने ते सहा वर्षं या वयात, दोन झटक्यांत किमान चोवीस तासांचं अंतर, मधल्या काळात तपासणी, रक्त आणि लघवी नॉर्मल: एवढं जुळलं की इडिओपॅथिक एपिलेप्सी, म्हणजे दुसरं कारण न सापडणारी अपस्मार, धरता येते. वय या चौकटीबाहेरचं असेल तर एमआरआयचा खर्च टाळू नये.

सहा महिन्यांत दोन किंवा जास्त फिट, लागोपाठ झटके किंवा पाच मिनिटांहून लांब झटका असेल तर औषध सुरू करतात. सुरुवात बहुतेकदा फेनोबार्बिटोनने, दर १२ तासांनी किलोमागे २.५ ते ३ मि.ग्रॅ. म्हणजे २० किलोच्या कुत्र्याला साधारण ६० मि.ग्रॅ.ची एक गोळी सकाळी, एक रात्री. डोस अर्थात डॉक्टरनेच ठरवायचा.

घोटाळा इथेच होतो. पहिले एक-दोन आठवडे कुत्रा झिंगलेला दिसतो, मागचे पाय लडखडतात, आणि दया येऊन मालक परस्पर डोस कमी करतात. ही सुस्ती बहुधा ओसरते. भूक, तहान आणि लघवी मात्र वाढलेलीच राहू शकते. औषध अचानक बंद केलं तर आधीपेक्षा मोठ्या फिट येतात. एखादी गोळी राहिली तर आठवताच द्या, पण पुढच्या वेळी दुप्पट देऊ नका.

रक्तातली औषधाची पातळी दोन आठवड्यांनी, मग तीन महिन्यांनी, नंतर दर सहा महिन्यांनी तपासा. नमुना साध्या नळीत घ्यायला सांगा. जेलच्या नळीत औषध शोषलं जाऊन आकडा खोटाच कमी येतो. लक्ष्य लिटरमागे २५ ते ३० मि.ग्रॅ.; ३५ च्या वर यकृताला धोका वाढतो. एकटं एएलपी (यकृताच्या तपासणीतलं एक एन्झाइम) वाढलेलं दिसलं म्हणून हाय खाऊ नका, ते या औषधाने वाढतंच.

सोबत पोटॅशियम ब्रोमाइड हे फिटचं दुसरं औषध दिलं असेल तर जेवणातलं मीठ रोज सारखंच हवं. पापड, वेफर्स, चौपाटीवर प्यायलेलं खारं पाणी, यांनी ब्रोमाइड लघवीवाटे निघून जातं आणि आठवड्याभरात फिट परत येते. मांजराला मात्र ब्रोमाइड द्यायचंच नाही, फुफ्फुसं बिघडतात.

लांबणाऱ्या झटक्यासाठी घरी ठेवायला झटका थांबवणारा, नाकात मारायचा मिडाझोलाम डॉक्टरकडून लिहून घ्या. २०१७ च्या एका अभ्यासात त्याने ७० टक्के कुत्र्यांचा झटका थांबला, गुदद्वारातून दिलेल्या डायझेपामने २० टक्क्यांचाच. मात्रा किलोमागे ०.२ मि.ग्रॅ. एका फवाऱ्यात ०.५ मि.ग्रॅ. असेल तर २० किलोला आठ फवारे, दोन्ही नाकपुड्यांत वाटून. हा हिशेब आजच करून बाटलीवर चिकटवा.