व्हीएफडीवरच्या मोटरसाठी आउटपुट फिल्टर: निवड आणि जोडणी

व्हीएफडी म्हणजे फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह. त्यातील आयजीबीटी (वेगवान इलेक्ट्रॉनिक स्विच) डीसी बसचे, म्हणजे ड्राइव्हच्या आतील डीसी पुरवठ्याचे, पूर्ण व्होल्टेज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतात. ४०० व्होल्टच्या पुरवठ्यावर हे व्होल्टेज सुमारे ५६५ व्होल्ट असते आणि प्रत्येक पल्स ०.१ मायक्रोसेकंदाच्या आसपास शिखर गाठतो. केबल लांब असल्यास हा पल्स मोटरच्या टर्मिनलवरून परावर्तित होतो व तेथील व्होल्टेज जवळजवळ दुप्पट, म्हणजे ११०० व्होल्टच्या पुढे जाऊ शकते. त्याचा सर्वाधिक ताण वाइंडिंगच्या पहिल्या काही वेढ्यांवर येतो. मोटर तिथे जळते आणि बोल मात्र रिवाइंडिंग करणाऱ्याला लागतो.

हा ताण कमी करण्यासाठी ड्राइव्ह आणि मोटर यांच्या मधे आउटपुट फिल्टर लावतात. तो निवडताना आधी मोटरचे इन्सुलेशन काय सोसू शकते ते उत्पादकाच्या माहितीपत्रकात पाहावे. नेमा एमजी-१ या अमेरिकी मोटर मानकाच्या भाग ३१ नुसार बनवलेली ६०० व्होल्टपर्यंतची मोटर ०.१ मायक्रोसेकंदात चढणारे, रेटेड व्होल्टेजच्या ३.१ पट (४०० व्होल्टच्या मोटरला १२४० व्होल्ट) शिखर सहन करते, त्यामुळे ४०० व्होल्टवर केवळ इन्सुलेशनसाठी फिल्टरची गरज सहसा पडत नाही. जुन्या किंवा रिवाइंड केलेल्या मोटरबाबत ही खात्री धरू नये. त्यानंतर केबल प्रत्यक्ष ज्या मार्गाने गेली आहे त्या मार्गाने तिची लांबी मोजावी. एका ड्राइव्हवर अनेक मोटरी असतील तर सर्व केबलींची बेरीज धरावी.

थोड्या लांबीला आउटपुट चोक (फेजच्या तारेत जोडलेली कॉइल) पुरतो. त्याहून लांब केबलसाठी डीव्ही-डीटी फिल्टर घ्यावा, जो पल्सचा चढ मंद करतो आणि शिखर आटोक्यात ठेवतो. बोअरमधील सबमर्सिबल पंप किंवा ड्राइव्हनंतर लावलेला स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर असेल तर पल्सऐवजी जवळजवळ साइन लहर देणारा साइन फिल्टरच योग्य. मात्र बहुतेक चुका याच फिल्टरच्या सेटिंगमध्ये होतात. त्याची रेझोनन्स फ्रिक्वेन्सी (ज्या फ्रिक्वेन्सीला त्यातील चोक-कपॅसिटरची जोडी अनुनाद करते ती) मोटरला मिळणारी आउटपुट फ्रिक्वेन्सी आणि कॅरिअर फ्रिक्वेन्सी, म्हणजे आयजीबीटी चालू-बंद होण्याचा वेग, यांच्या मधे असते. कॅरिअर फ्रिक्वेन्सी फिल्टरच्या किमान मर्यादेखाली गेली तर त्यातील चोक आणि कपॅसिटर तापून निकामी होऊ शकतात. ड्राइव्ह गरम झाल्यावर कॅरिअर फ्रिक्वेन्सी आपोआप उतरवण्याची सोय असल्यास ती बंद करावी. तसेच ड्राइव्हला साइन फिल्टर असल्याचे पॅरामीटरमधून सांगावे. ते शक्य नसल्यास व्ही-एफ नियंत्रण (व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सीचे ठरावीक प्रमाण राखणारी साधी पद्धत) वापरावे. फिल्टरमध्ये काही व्होल्टेज खर्च होत असल्याने पूर्ण वेगावर मोटरचा करंट किंचित वाढतो, हे आकार ठरवताना विसरू नये.

फिल्टर ड्राइव्हच्या लगत, हवा खेळेल असा बसवावा. काम सुरू करण्यापूर्वी पुरवठा तोडून, ड्राइव्हच्या माहितीपुस्तिकेत दिलेला वेळ थांबून डीसी बस मीटरने तपासावी. पॉवर फॅक्टर सुधारण्याचे कपॅसिटर ड्राइव्हच्या आउटपुटवर कधीही लावू नयेत. मेगर करताना, म्हणजे उच्च व्होल्टेजने इन्सुलेशन तपासताना, ड्राइव्ह आणि फिल्टर दोन्ही सोडवून ठेवावेत.

बेअरिंगमधून वाहणाऱ्या करंटवर डीव्ही-डीटी फिल्टर हा पुरेसा उपाय नव्हे. त्यासाठी तिन्ही फेज एकत्र ओवलेला कॉमन-मोड चोक, इन्सुलेटेड बेअरिंग किंवा शाफ्टचा अर्थिंग ब्रश लागतो. चोकमधून अर्थिंगची तार मात्र ओवू नये.