प्लाकच्या जंतूंवर औषध तपासताना: पहिल्या प्रोजेक्टचा अनुभव

एमएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला, प्लाकमधल्या म्हणजे दातांवरच्या चिकट थरातल्या जंतूंवरच्या प्रोजेक्टसाठी मी त्रिफळा आणि लवंगेचं तेल निवडलं. काम सरळ वाटत होतं: जंतू पसरलेल्या आगरमध्ये (जेलीसारख्या खाद्यात) खळगा पाडायचा, अर्क घालायचा, दुसऱ्या दिवशी झोन, म्हणजे खळग्याभोवतीचं जंतू न वाढलेलं वर्तुळ, मोजायचा. पहिल्याच आठवड्यात त्रिफळ्याने १८ मिलिमीटरचा झोन दिला आणि मी आनंदाने घरी फोन केला. गाइड मॅडमनी मात्र एवढंच विचारलं, "अर्काचा पीएच बघितलास?" बघितला, तर साडेतीनच्या आसपास. मग त्याच पीएचचं सायट्रिक आम्ल शेजारच्या खळग्यात घातलं. तिथेही झोन उमटला, थोडा लहान. जंतू त्रिफळ्याने मारले की नुसत्या आंबटपणाने, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पुढचे चार महिने मी प्रत्येक प्लेटला हाच प्रश्न विचारत राहिले: मारलं कुणी?

या क्षेत्रात नव्याने येणारे बहुतेक जण स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स या दात किडवणाऱ्या जंतूपासून सुरुवात करतात. क्लार्क यांनी १९२४ मध्ये किडलेल्या दातांतून तो वेगळा केला होता. आपल्याकडे चंडीगडच्या एमटीसीसी या जंतुसंग्रहातून तो मागवता येतो. तिथला त्याचा ८९० हा क्रमांक अनेक भारतीय शोधनिबंधांत दिसेल. कल्चर, म्हणजे वाढवलेले जंतू, हाती आलं की त्याच दिवशी ग्लिसरॉल स्टॉक (गोठवण्यासाठी ग्लिसरॉल घातलेला साठा) करून डीप फ्रीजरमध्ये ठेवा. मी ते टाळलं, प्लेटवरून प्लेटवर सबकल्चर करत राहिले, आणि एका सोमवारी सगळ्या प्लेटा कंटॅमिनेट झालेल्या निघाल्या. नवीन कल्चर येईपर्यंत तीन आठवडे गेले.

हा जंतू ३७ अंशांवर, थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड असला की चांगला वाढतो. सीओटू इनक्यूबेटर नसेल तर कँडल जार चालते. घट्ट झाकणाच्या बरणीत प्लेटा ठेवून साधी पांढरी मेणबत्ती लावायची, ती विझते तेव्हा आत साधारण ३ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. सुगंधी मेणबत्ती नको. तिच्या वासाची द्रव्यं आत कोंडली जातात, आणि "मारलं कुणी" या प्रश्नात आणखी एक संशयित वाढतो.

इनॉक्युलमच्या, म्हणजे चाचणीसाठी पेरायच्या जंतूंच्या, ब्रॉथमध्ये (द्रव खाद्यात) साखर, म्हणजे सुक्रोज, घालू नका. सुक्रोज मिळालं की हा जंतू ग्लुकन नावाचा चिकट पदार्थ बनवतो आणि त्याच्या आधाराने काचेला, दाताला, एकमेकांना धरून बसतो. मग नळीच्या तळाशी गुठळ्या आणि वर नितळ ब्रॉथ. अशा नळीची गढूळता ०.५ मॅकफार्लंड या प्रमाणित गढूळतेशी जुळवण्यात अर्थ नाही. त्या मापाचा मिलिलिटरमागे सुमारे १५ कोटी जंतूंचा अंदाज पेशी सुट्या असतील तरच लागू पडतो.

तोंडातल्या प्लाकचा नमुना घ्यायचा असेल तर आधी नैतिक समितीची परवानगी घ्या, अगदी वर्गमित्राच्या दातावरचा असला तरी. नमुन्यातून म्युटन्स वेगळा करायला मायटिस सॅलिव्हेरियस बॅसिट्रासिन आगर वापरतात. त्यात २० टक्के सुक्रोज असतं, म्हणून वसाहती खडबडीत आणि आगरला घट्ट चिकटलेल्या असतात. लूपने उचलायला गेलं की अख्खी वसाहत सरकते. तो स्पर्श एकदा हाताला कळला की विसरत नाही.

लवंगेच्या तेलाने मला सर्वांत जास्त शिकवलं. तेल पाण्यात मिसळत नाही, त्यामुळे आगरमध्ये नीट पसरत नाही, आणि चांगलं औषधही लहान झोन देतं. दोन वेगळ्या पदार्थांच्या झोनची मापं शेजारी ठेवून "हे त्यापेक्षा प्रभावी" असं लिहू नका. त्यासाठी एमआयसी, म्हणजे वाढ रोखणारं औषधाचं सर्वांत कमी प्रमाण, काढा. मी ९६ खळग्यांच्या प्लेटवर एमआयसी लावली, तर तेल न घातलेले शेजारचे खळगेही स्वच्छ! तेलातल्या युजेनॉलची वाफ तिकडे पोचली होती. तेव्हापासून मी मध्ये रांगा रिकाम्या सोडते आणि प्लेट सीलिंग फिल्मने झाकते.

रंगीत अर्कात गढूळता दिसत नाही, म्हणून रेझाझुरिन हा रंग घालतात. जिवंत पेशी असल्या की निळ्याचं गुलाबी होतं. पण काही वनस्पतींचे अर्क जंतूंशिवायही तो रंग बदलतात. अर्क आणि रेझाझुरिन, जंतू नाहीत, असा एक खळगा हवाच. अर्क विरघळवायला डीएमएसओ किंवा इथेनॉल वापरलं असेल तर त्याचाही वेगळा कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी फक्त तेच घातलेला खळगा, हवा.

पॉझिटिव्ह कंट्रोल, म्हणजे नक्की काम करणारं औषध, म्हणून क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक घेतात, माउथवॉशमध्ये ते बहुधा ०.२ टक्के असतं. ते थेंबासोबत पुढच्या प्लेटवर जातं आणि तिथेही वाढ रोखतं. एमबीसी, म्हणजे जंतू मारणारं सर्वांत कमी प्रमाण, काढताना जिवंत पेशीही मेल्यासारख्या दिसतात. लेसिथिन आणि ट्वीन ८० असलेलं, औषध निष्प्रभ करणारं न्यूट्रलायझर आधी वापरा.

यानंतर बायोफिल्म, म्हणजे पृष्ठभागाला चिकटलेला जंतूंचा थर. डच संशोधक लेवेनहुक यांनी १६८३ मध्ये स्वतःच्या दातांवरचा पांढरा थर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता. व्हिनेगरने थराच्या बाहेरचे जीव मेले, आतले नाही, हेही त्यांनी लिहून ठेवलं. ब्रॉथमधल्या सुट्या पेशींवरची एमआयसी दाताला लागू करण्याआधी हे निरीक्षण आठवावं. बायोफिल्म वाढवताना मात्र १ टक्का सुक्रोज मुद्दाम घालायचं, तयार थर ०.१ टक्के क्रिस्टल व्हायोलेटने रंगवायचा. धुताना पिपेट भिंतीला टेकवून हळू सोडा, नाहीतर थर पाण्यानेच सुटतो. शिवाय हा रंग मेलेल्या पेशींनाही लागतो, त्यामुळे सोबत जिवंत पेशींची मोजणी करा.

बीडीएसला असताना आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) दोन महिन्यांच्या विद्यार्थी शिष्यवृत्तीतून हे काम करणार असाल तर एकच पदार्थ घ्या. अर्ध्याहून जास्त वेळ कंट्रोल बसवण्यात जाईल.

माझा त्रिफळ्याचा अर्क शेवटी मी पीएच ७ वर आणला. तो काळपट झाला, पुन्हा गाळून निर्जंतुक करावा लागला. सायट्रिक आम्लाचा कंट्रोलही ७ वर आणला. दुसऱ्या दिवशी त्या खळग्याभोवती काहीच नव्हतं, आणि त्रिफळ्याभोवती ११ मिलिमीटरचा झोन होता. तीनदा केलं, तीनदा आला. प्रबंधात १८ नाही, ११ लिहिले, आणि त्या संध्याकाळी घरी पुन्हा फोन केला.