शहराच्या प्रशासनाने दुरुस्त केलेलं फोरक्लोजरचं घर घेताना

अमेरिकेत 2008 च्या मंदीत हप्ते थकून बँकांनी घरं जप्त केली (हेच फोरक्लोजर) आणि ती ओस पडली, तेव्हा केंद्र सरकारने नेबरहुड स्टॅबिलायझेशन प्रोग्रॅममधून राज्यांना आणि शहरांना 3.92 अब्ज डॉलर दिले, की अशी घरं घ्या, नीट करा आणि बेताच्या कमाईवाल्यांना विका. असं घर घ्यायचं असेल तर आधी इन्कम बघा, त्या भागातल्या मधल्या उत्पन्नाच्या 120 टक्क्यांपर्यंत चालतं, आणि कुटुंबात माणसं किती तेही धरतात. मग 8 तासांचं काउन्सेलिंग, ते कंटाळा न करता कराच, कर्जाचे कागद तिथेच नीट कळतात.

किंमत खरेदी अधिक दुरुस्तीच्या खर्चापेक्षा जास्त लावता येत नाही, मला हा नियम फार आवडतो.

पण घर स्वतः जाऊन बघा हं! बंद घरात थंडीत पाणी गोठून पाइप फुटलेले असतात, तांब्याचे तर चोरीलाच जातात, म्हणून सगळे नळ सोडून बघा, सिंकखाली हात फिरवा, ओल लागते का. 1978 च्या आधीचं घर असेल तर शिशाच्या रंगाचा रिपोर्ट मागा, खिडकीच्या चौकटीत तो रंग घासून धूळ होते आणि लहान मुलांच्या पोटात जाते.

घर घेताना सरकारी मदत मिळाली असेल आणि घर लवकर विकलं तर ती परत करावी लागू शकते, मदतीच्या रकमेनुसार 5 ते 15 वर्षं अट असते, सहीआधी विचारा.