भुवनेश्वरहून टूर बसने एका दिवसात पुरी-कोणार्क: कसं करायचं

नोकरीमुळे मी भुवनेश्वरला राहतो, त्यामुळे महाराष्ट्रातून आलेला प्रत्येक काका-मामा-आत्या आमच्याकडे उतरतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना घेऊन मी पुरी-कोणार्कच्या टूर बसमध्ये बसतो. सगळे येताना नेटवरून काहीतरी वाचून येतात. टोपी घ्या, पाणी प्या, पॉवर बँक विसरू नका. अहो, हे कोणाला कळत नाही? जे सांगायला हवं ते कुठेच लिहिलेलं नसतं, ते म्हणजे ही ट्रिप जमणार की फसणार हे पुरीच्या देवळातल्या दोन तासांत ठरतं, बाकी दिवस बस आपोआप पार पाडते.

आधी तारीख. ज्येष्ठ पौर्णिमेला जगन्नाथाला 108 घागरींनी स्नान घालतात, मग देवाला ताप येतो अशी श्रद्धा आहे आणि पुढचे साधारण पंधरा दिवस मूर्तींचं दर्शन बंद असतं, याला तिकडे अणसर म्हणतात. त्यानंतर आषाढ शुद्ध द्वितीयेला रथयात्रा, आणि देव गुंडिचा मंदिरात मुक्कामाला. म्हणजे जून-जुलैत कॅलेंडर न बघता विमानाची तिकिटं काढली तर देवळात जाऊन देव न बघता परत, आणि रथयात्रेच्या गर्दीत टूर बसचं वेळापत्रक कोणीच पाळू शकत नाही. बुधवारी किंवा गुरुवारी कधी कधी बनकलागी नावाचा विधी असतो, त्यात मूर्तींच्या चेहऱ्याला रंग लावतात, तेव्हाही काही तास दर्शन बंद. आदल्या दिवशी हॉटेलवाल्याला विचारा, त्याला माहीत असतं.

बुकिंग सोपं आहे. ओडिशा पर्यटन महामंडळाच्या बस असतात आणि खाजगीवाले तर ढिगाने आहेत. एसी घ्या. पैसे द्यायच्या आधी फक्त दोन प्रश्न विचारा, बस आधी कुठे जाते आणि देवळासाठी किती वेळ देते. भुवनेश्वर ते कोणार्क साधारण 65 किलोमीटर, कोणार्क ते पुरी 35, पुरी ते भुवनेश्वर 60, असा त्रिकोण आहे, त्यामुळे बस दोन्ही बाजूंनी फिरवता येते. बहुतेक बस कोणार्क आधी करतात आणि पुरीला भर दुपारी पोचवतात, म्हणजे अनवाणी चालायची वेळ नेमकी रस्ता तापलेला असताना. मार्च ते जून आधी पुरी करणारी बस मिळाली तर शंभर-दोनशे जास्त गेले तरी तीच घ्या. देवळाला "एक तास" म्हणणारी बस अजिबात घेऊ नका, एक तास नुसता जाण्यायेण्यात आणि रांगेत जातो.

पहिला थांबा बहुतेक धौली. इथे बस सरळ टेकडीवरच्या पांढऱ्या शांती स्तूपाशी नेते (1972 सालचा आहे, जपानी बौद्धांच्या मदतीने बांधलेला), सगळे फोटो काढतात आणि परत बसमध्ये. खरी गोष्ट खाली पायथ्याशी आहे. अशोकाचा शिलालेख, आणि त्याच्या वर खडकातून अर्धा बाहेर आलेला हत्ती, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला. गंमत म्हणजे कलिंगाच्या, म्हणजे याच भागातल्या, युद्धात किती माणसं मेली आणि अशोकाला त्याचं किती दुःख झालं हे सांगणारा तेरावा लेख इथे नाहीच, ज्यांच्यावर ते गुदरलं त्यांच्याच दारात तो कोरलेला नाही, त्याऐवजी दोन वेगळे लेख आहेत ज्यात सगळी माणसं माझी लेकरं आहेत असं तो म्हणतो. गाइड हे सांगत नाही. ड्रायव्हरला गोड बोलून पायथ्याशी पाच मिनिटं थांबवायला लावा.

कोणार्क. तिकीट मोबाइलवर काढा, खिडकीच्या रांगेत उभं राहू नका. आत जायची वाट शोधत बसू नका, समोर जो उभा आहे तो जगमोहन म्हणजे पुढचा मंडप, मुख्य शिखर केव्हाच पडलंय, आणि मंडप कोसळू नये म्हणून इंग्रजांनी 1903 मध्ये आत वाळू भरून दारं चिणून टाकली. नरसिंहदेवाने तेराव्या शतकात बांधलेला हा सूर्याचा रथ, 24 चाकं, सात घोडे. चाकाच्या आसावर बोट धरून गाइड वेळ काढून दाखवतो तेवढं बघा, मग घोळक्यातून सुटा आणि एकटेच मागच्या बाजूला जा, तिथे गर्दी नसते आणि हिरवट काळ्या दगडातल्या सूर्याच्या मूर्ती तिकडेच आहेत. चंद्रभागा बीचवर बस थांबली तर नारळपाणी प्या. तिथून पुरीपर्यंतचा रस्ता सुरूच्या झाडांतून जातो, छान आहे, झोपू नका.

आता पुरी.

बस देवळाजवळ जात नाही, लांबच्या पार्किंगला थांबते आणि पुढे चालत किंवा ई-रिक्षाने जायचं. देवळात मोबाइल, कॅमेरा आणि चामड्याची कुठलीही वस्तू चालत नाही, आणि चामडं म्हटलं की लोकांना फक्त चपला आठवतात, पट्टा आणि पाकीट आठवत नाही. मग पोलीस अडवतो, तिथे पट्टा काढायचा, पँट सावरत काउंटर शोधायचा, तोवर ग्रुप पुढे. 2024 पासून कपड्यांचाही नियम आहे, हाफ पँट, फाटकी जीन्स, बिनबाह्यांचं काही घालून सोडत नाहीत. हिंदू नसलेल्यांना प्रवेश नाही, ग्रुपमध्ये तसं कोणी असेल तर दारात वाद घालू नका, त्यांच्यासोबत एकाने बाहेर थांबायचं हे घरूनच ठरवा.

माझी पद्धत सांगतो. पट्टा, पाकीट, सगळ्यांचे मोबाइल एका पिशवीत आणि पिशवी बसमध्ये कुलूपबंद बॅगेत. वर फक्त कापडी बटवा, त्यात थोडे पैसे आणि दहा-वीसच्या सुट्ट्या नोटा. सगळ्यात स्वस्त रबरी चपला, त्या देवळापाशी स्टँडवर ठेवायच्या, टोकन घ्यायचं, आणि टोकन ग्रुपमधल्या एकाकडेच नाही तर प्रत्येकाकडे आपापलं. हे शेवटचं महत्त्वाचं, का ते पुढे कळेल.

आत जाताना आपण साधारणपणे पूर्वेच्या सिंहद्वारातून जातो. बाहेर पडताना मात्र गर्दी दुसऱ्या दाराकडे वळवतात, चारही दारं 2024 मध्ये पुन्हा उघडली तेव्हापासून तर जास्तच. म्हणजे काय होतं बघा. तुम्ही अनवाणी, मोबाइल नाही, चपला पूर्वेला, बायको कुठल्या दारातून निघाली माहीत नाही, आणि चारी बाजूंना तशीच उंच भिंत. आमच्या मामींना एकदा असंच व्हायला लागलं होतं, पण त्यांना निघताना पाठ करून घेतलं होतं म्हणून त्या आमच्या आधी खुणेच्या जागी येऊन शेंगदाणे खात बसल्या होत्या. पाठ करायचं ते हे: दाराशी कुठला प्राणी आहे ते बघायचं. सिंह म्हणजे पूर्व, घोडा म्हणजे दक्षिण, वाघ पश्चिम, हत्ती उत्तर. हत्तींच्या दारातून बाहेर पडलात तर उजवीकडे वळा आणि भिंत उजव्या हाताला ठेवून चाला. घोड्यांच्या दारातून पडलात तर डावीकडे, भिंत डाव्या हाताला. वाघाच्या दारातून पडलात तर कुठूनही या, अंतर तेवढंच. भिंतीबाहेर आता मोकळा परिक्रमा मार्ग केलाय, त्यामुळे चालायला त्रास नाही, फक्त पाय भाजतात.

आणि भेटायची जागा एकच, सिंहद्वारासमोरचा अरुण स्तंभ. साधारण 34 फुटी, सोळा पैलूंचा अखंड काळा दगड, वर हात जोडून बसलेला अरुण, लांबूनही चुकत नाही. हा मुळात कोणार्कचा, सूर्याचा सारथी सूर्याच्या देवळासमोर. ओडिशा 1751 ते 1803 नागपूरकर भोसल्यांकडे होतं, त्या मराठा काळात तो तिथून उचलून इथे आणून उभा केला. सकाळी कोणार्कला जी जागा रिकामी बघितली तिथला खांब इथे आहे हे सांगितलं की मुलांनाही जागा लक्षात राहते. वेळ ठरवताना बसची वेळ सांगू नका, त्याच्या पाऊण तास आधीची सांगा.

मग पंडे, म्हणजे देवळातले पुजारी. टूरचा गाइड बऱ्याचदा दारातच ग्रुप एका पंड्याच्या हवाली करतो आणि "हे आपलेच आहेत" म्हणतो. असू देत. आत शिरायच्या आधी, सगळ्यांसमोर, पूर्ण ग्रुपचे किती ते आकड्यात ठरवा, "जो इच्छा हो दे देना" या वाक्यावर एक पायरी चढू नका. नको असेल तर नको म्हणा, पंड्याशिवाय दर्शन होतं, रांग तीच असते. आतल्या छोट्या देवळांत कोणी हातात फूल ठेवलं की ते दक्षिणेचं बिल असतं, हात मागे बांधून चाला. कोणी डोक्यावर वेताची छडी हळूच टेकवेल, तोही आशीर्वाद आणि त्याचेही पैसे मागतात. रागावू नका, हसून पुढे सरका. थांबलात की संपलं.

मूर्तींसमोर तुम्हाला काही सेकंद मिळतात आणि तेवढ्यात लोक भांबावून पुढच्याच्या डोक्याकडे बघत राहतात. आधीच लक्षात ठेवा, तुमच्या डावीकडे पांढरा बलभद्र, मध्ये पिवळी सुभद्रा, उजवीकडे काळा जगन्नाथ. मोठे गोल डोळे. नजर थेट उजवीकडे टाका, मग उरलेल्या वेळात बाकी दोघं.

जेवण बसवाल्याच्या ठरलेल्या हॉटेलात करू नका एवढंच माझं कळकळीचं सांगणं आहे, दर्शन झालं की देवळाच्या आवारातच आनंद बाजार आहे, तिथे महाप्रसाद विकत मिळतो. लाकडावर एकावर एक मातीची मडकी रचून शिजवलेला भात, डालमा म्हणजे भाज्या घातलेली डाळ, भाज्या, कांदा-लसूण नाही, बटाटा आणि टोमॅटोही नाही. केळीच्या पानावर घ्या, जमिनीवर बसा, शेजारी कोण बसलंय हे तिथे कोणी विचारत नाही. भाव आधी विचारा, पहिला सांगितलेला भाव शेवटचा नसतो. डालम्यात बोट बुडवून आधी चाखा, काही मडकी सकाळची असतात आणि आंबूस लागतात, दुसरं मागा, देतात.

समुद्रावर वेळ उरला तर जा, पण गुडघ्याच्या वर पाण्यात नाही. पुरीचा समुद्र खाली ओढतो, आपल्या अलिबाग-काशीदच्या सवयीने आत जाऊ नका, आणि टोकदार वेताची टोपी घातलेले नुलिया म्हणजे तिथले जीवरक्षक कोळी शिट्टी मारत असतील तर ऐका. बस संध्याकाळपर्यंत थांबणार असेल तर मात्र समुद्र सोडा आणि सूर्यास्ताच्या सुमारास देवळाबाहेर उभे राहा, एक सेवक 200 फुटांहून उंच शिखरावर कुठल्याही दोरीशिवाय चढून ध्वज बदलतो, रोज.

खाजा देवळाजवळच घ्या, टिकतो. छेनापोडा, म्हणजे भाजलेल्या छेन्याची मिठाई, टिकत नाही, रात्रीच संपवा. परतीच्या वाटेवर पिपिलीला बस "पाच मिनिटं" म्हणून थांबते, कापडी आरास आणि कंदील खरंच सुंदर असतात, पण बस ज्या दुकानासमोर उभी राहते ते दुकान सोडून पलीकडच्या दोन-तीन दुकानांत विचारा, तोच कंदील बऱ्यापैकी कमीत मिळतो आणि पाच मिनिटांची चाळीस होतात त्यामुळे वेळेची काळजी करू नका.