फौंड्रीत स्थानिक आणि परप्रांतीय कामगारांची एकच युनियन कशी बांधायची

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या एमआयडीसीत पुष्कळ फौंड्र्यांमध्ये, म्हणजे वितळलेला धातू साच्यात ओतून भाग (कास्टिंग) बनवणाऱ्या कारखान्यांत, एक विभागणी उघड दिसते. मशीन शॉप आणि पॅटर्न शॉपला (साच्यांचे नमुने बनवण्याच्या खात्याला) आसपासच्या गावांतली पोरं. फेटलिंग (कास्टिंग घासून साफ करणं), नॉकआउट (साचा फोडून कास्टिंग काढणं), शॉट ब्लास्टिंगला (छर्ऱ्यांच्या माऱ्याने साफ करणं) बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाचे ठेकेदारी कामगार. इथे युनियन बांधायला निघालेल्यांनी अमेरिकेतल्या पोलाद, मांस आणि मोटार कारखान्यांचा इतिहास वाचलाच पाहिजे. तिथली विभागणी वर्णाची होती, आणि तिच्यापायी मोठमोठे संप बुडाले.

पहिलं काम खात्यांचा तक्ता. फुलस्केप कागदावर रकाने आखा: खातं, कायम किती, ठेकेदाराचे किती, कुठल्या राज्याचे, सगळ्यात जुन्या माणसाची वर्षं, रोजचा पगार, शेवटची बढती कुणाला मिळाली. प्रत्येक पाळीतून दोघांनी तो भरायचा, त्यातला एक तरी हिंदी सहज बोलणारा हवा. चूक इथेच होते. ओळखीची खाती दोन दिवसांत भरतात आणि फेटलिंगचा रकाना कोराच राहतो. तो कोरा ठेवून सभा बोलावू नका. 1919 च्या पोलाद संपात हेच घडलं. 24 युनियन एकत्र आल्या, 22 सप्टेंबरपासून साडेतीन लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पण त्यातल्या कित्येक युनियननी कृष्णवर्णीयांना कधी जवळ केलं नव्हतं. मालकांनी तीस हजारांवर कृष्णवर्णीय कामगार आत आणले आणि 8 जानेवारी 1920 ला संप मागे घ्यावा लागला. ज्यांना तुम्ही सभासद करून घेतलं नाही, त्यांना संप फोडणारे म्हणायचा अधिकार तुम्हाला नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, ज्येष्ठता. मागणीपत्रात ‘भेदभाव नको’ हे वाक्य कुणीही लिहितं, पण भेद टिकतो तो ज्येष्ठतेच्या नियमात. अमेरिकी पोलाद कारखान्यांत कृष्णवर्णीयांना कोक ओव्हन (कोळशाचा कोक करणाऱ्या भट्ट्या) आणि ब्लास्ट फर्नेसवर (लोखंड वितळवणाऱ्या भट्टीवर) घेत, आणि ज्येष्ठता मोजत खात्यापुरती. वीस वर्षं कोक ओव्हनवर काढलेला माणूस रोलिंग मिलला (पोलाद लाटण्याच्या खात्याला) गेला की तिथे सगळ्यात नवा: पगार खाली आणि कपात आली की पहिला बाहेर. म्हणून कुणी बदली मागतच नसे, आणि कंपनी म्हणे की त्यांनाच यायचं नाही. युनियन झाल्यावरही हे वर्षानुवर्षं चाललं. 1974 साली नऊ पोलाद कंपन्या आणि पोलाद कामगारांची युनियन युनायटेड स्टीलवर्कर्स यांच्यावर न्यायालयाच्या हुकुमाने बदल करण्याची वेळ आली: संपूर्ण कारखान्याची एकच ज्येष्ठता, आणि बदली घेणाऱ्याच्या जुन्या पगाराला संरक्षण. आपल्याकडे मुंबईच्या गिरण्यांतही विणकाम खातं अस्पृश्यांना बंद होतं, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. 1928 च्या संपात डॉ. आंबेडकरांनी त्यावरच बोट ठेवलं. जास्त पगाराचं खातं बंद ठेवायला कारण कुठलंही चालतं.

म्हणून मागणीपत्रात हे चार मुद्दे जसेच्या तसे लिहा. नोकरी गेटवरच्या पहिल्या दिवसापासून मोजायची, मग ठेकेदार कितीही बदलले असोत. खातं बदललं तरी पगार उतरणार नाही. रिकामी जागा सात दिवस नोटीस बोर्डावर मराठी आणि हिंदीत लावायची. कपात करायची तर कारखान्याच्या एकाच यादीवरून, शेवटी आलेला आधी. पहिल्या मुद्द्याला पुरावा लागतो. ठेकेदार बदलला की नवा गेट पास निघतो आणि आधीची नोकरी कागदावरून पुसली जाते. जुन्या पासाचा, पगार चिठ्ठीचा, ईएसआय नंबराचा आणि पीएफच्या यूएएनचा (कायम खाते नंबराचा) फोटो प्रत्येकाकडून घ्या, आणि एक प्रत कारखान्याबाहेर ठेवा.

कमिटीत जागा वाटताना नावापुरतं पद देऊ नका. अलाबामाच्या खाणींत युनियनचा अध्यक्ष गोरा आणि उपाध्यक्ष कृष्णवर्णीय अशी रीतच पडली होती. सभासदांत कृष्णवर्णीय भरपूर, पण मालकासमोर तोंड गोऱ्याचं. फिलाडेल्फियाच्या गोदी कामगारांनी 1913 नंतर कृष्णवर्णीय पुढारी बेन फ्लेचर यांच्या लोकल 8 या युनियन शाखेत याहून चांगली पद्धत पाडली: सभेचं अध्यक्षपद आलटून पालटून, एक महिना गोरा, एक महिना कृष्णवर्णीय. तेच करा, आणि वाटाघाटीला फेटलिंगचा माणूस न्याच. सभेत प्रत्येक विषयानंतर थांबून हिंदीत सांगायचं. शेवटी एकदम सारांश दिला तर मत द्यायची वेळ निघून गेलेली असते. एक सभा गावात घेतली तर पुढची परप्रांतीयांच्या खोल्यांजवळ.

पहिली मागणी फेटलिंगची घ्या: धूळ ओढणारे हूड, ग्राइंडरच्या चाकाला गार्ड, नीट बसणारे मास्क. सिलिकाची धूळ पुढच्या खात्यांतही पोचते, हे मशीन शॉपवाल्यांना दाखवा. शिवाय फेटलिंग थांबलं की कास्टिंगचे ढीग लागतात आणि मशीन शॉप रिकामं पडतं. शिकागोच्या कत्तलखान्यांत 1937 नंतर जी युनियन उभी राहिली तिचं बळ अशाच जागी होतं. जनावर कापण्याच्या खात्यात कृष्णवर्णीय मोठ्या संख्येने होते, आणि पुढची सगळी साखळी तिथूनच सुरू व्हायची.

बढतीच्या दिवसाची तयारी आधी करा. जून 1943 मध्ये डेट्रॉइटच्या पॅकार्ड कारखान्यात तीन कृष्णवर्णीयांना बढती मिळाली म्हणून 25,000 गोरे कामगार काम टाकून बाहेर गेले. युनायटेड ऑटो वर्कर्स या मोटार कामगारांच्या युनियनचे अध्यक्ष आर. जे. थॉमस त्यांच्यामागे गेले नाहीत, त्यांना कामावर परत जायला सांगितलं. परप्रांतीय कामगाराला मशीन शॉपमधल्या सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या मशीनवर) घ्यायचं ठरलं की त्या पाळीतल्या स्थानिक पुढाऱ्यांनी आदल्या दिवशीच आपल्या लोकांना यादी दाखवावी आणि त्या दिवशी मशीनजवळ उभं राहावं. दुसऱ्या दिवशी समजूत काढायला गेलात तर उशीर झालेला असतो.

अफवेसाठी प्रत्येक वस्तीत दोन माणसं नेमा, एक स्थानिक, एक परप्रांतीय. भांडणाची बातमी आली की दोघांनी मिळून जागेवर जाऊन पाहायचं, तोवर ग्रुपवर कुणी काही टाकायचं नाही. शिकागोत 1919 च्या दंगलीत 38 माणसं मेली. 2 ऑगस्टला कत्तलखान्यांजवळच्या लिथुआनियन वस्तीला आग लागली तेव्हा ती कृष्णवर्णीयांनी लावल्याची आवई उठली; पुढे संशय गोऱ्या टोळ्यांवर गेला. त्या दंगलीनंतर कत्तलखान्यांतल्या तेव्हाच्या युनियनला पूर्वीचं बळ आलं नाही.

युनियनच्या नोंदणीच्या अर्जावर किमान सात सभासदांच्या सह्या लागतात आणि सभासद एकूण कामगारांच्या 10 टक्के किंवा 100, यातलं जे कमी असेल तेवढे हवेत. सातांत तीन तरी फेटलिंग-नॉकआउटचे घ्या. हा आकडा नोंदणीनंतरही टिकवावा लागतो, आणि छठ, होळी, भातकापणीला माणसं गावी जातात तेव्हा वर्गणी थकते. म्हणून जाण्याआधी दोन महिन्यांची वर्गणी घेऊन पावती द्या, आणि दर तीन महिन्यांनी यादी पुन्हा मोजा.